टीव्हीशेजारचं नांदरूक

फोनवरून झाडाचं निदान करू नये, हे मला माहीत होतं. तरी केलं. त्यापायी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका नांदरुकाच्या बोन्सायच्या डाव्या अंगाच्या दोन फांद्या गेल्या. तिथे आज अकरा महिन्यांनंतरही झाड बोडकंच आहे. झाड माझं नाही, आमच्या सोसायटीतल्या वहिनींचं. त्यांना विचारूनच लिहितोय. "लिहा की, पण माझं नाव नको," म्हणाल्या, म्हणून नुसतं वहिनी.

झाड आणि जागा

मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात वहिनींनी गंगापूर रोडकडच्या एका नर्सरीतून ते चौदाशे रुपयांना आणलं. चिठ्ठीवर नुसतं 'फायकस बोन्साय'. उंची ३४ सेंटिमीटर, बुंधा अंगठ्याहून जरा जाड, नागमोडी वळवलेला. कुंडी निळी, चकचकीत आणि उथळ. आतून मोजली तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोल. मातीवर पांढरे गोटे होते आणि ते कसल्याशा गोंदाने एकमेकांना चिकटवलेले. गाडीत सांडू नयेत म्हणून तसं करतात. घरी आणल्यावर ते काढायचे असतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातलं हे नांदरूक, म्हणजे फायकस मायक्रोकार्पा. नवख्या माणसाला मी नेहमी हेच सुचवतो. मुळं छाटलेली ते सोसतं, जुन्या लाकडावर नव्याने फुटतं आणि नाशिकच्या उन्हाळ्यात तग धरतं. वहिनींनी त्याआधी एक ज्युनिपर, म्हणजे थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड, आणून घालवलं होतं. त्यात त्यांचा दोष नव्हता. ज्युनिपरला हिवाळ्यात लांबलचक थंड झोप लागते, ती आपल्याकडच्या चार-दोन कडाक्याच्या रात्रींनी भागत नाही. शिवाय ते झाड मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवंगार दिसतं, त्यामुळे आपण नेमकं कधी चुकलो हेही कळत नाही. नांदरूक असा लपंडाव खेळत नाही. त्याला काही खटकलं की ते लगेच पानं टाकतं. या प्रकरणात हा प्रामाणिकपणाच त्याला भोवला.

जागा म्हणजे दिवाणखाना, टीव्हीच्या शेजारचा कप्पा. खिडकीपासून बारा फूट. आपल्या डोळ्यांना ती खोली उजेडाची वाटते, कारण डोळा लगेच जुळवून घेतो. झाडाला तसं जमत नाही. बाहेर भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, नुसत्या सावलीतही दहा हजारांच्या घरात, आणि अशा दिवाणखान्यात दोनचारशे. नर्सरीच्या उघड्यावरून आलेल्या झाडाच्या ताटातला भात एका दिवसात शितावर आला. नांदरुकाने जे करायचं तेच केलं. एवढ्या उजेडात पोसता येणार नाहीत ती पानं पिवळी करून टाकायला घेतली.

इथे पाणी वाढवायचं काही कारण नव्हतं. पण पानं गळताना बघून कोणाचा हात आवरतो?

फोन

मार्चच्या अखेरीस वहिनींचा फोन आला.

"भावजी, पानं गळतायत हो. रोज केर काढते तर मूठभर निघतात."

"पाणी किती घालता?"

"एक पेला, सकाळी. फार नाही."

"बोट घालून बघा बरं, माती कशी लागते?"

थोडा वेळ शांतता. गोट्यांच्या फटीतून बोट घालत असणार. "ओली आहे. चांगली ओली आहे."

पिवळी पानं, ओली माती, रोजचं पाणी. मला वाटलं, सरळ आहे, मुळं कुजतायत. "पाणी बंद करा," मी सांगितलं. "चार दिवसांनी परत बोट घाला, कोरडं लागलं तरच द्या."

चार दिवसांनी ओलं. आठ दिवसांनीही ओलं. पाणी बंद असूनही माती सुकत नाही, याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पाडव्याला, ९ एप्रिलला, वहिनी श्रीखंडाची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता फांद्यांचे शेंडे वाळलेत, काडीसारखे कटकन मोडतात." तेव्हा मी उठलो. तरी जायला रविवार उजाडलाच.

रविवार, १४ एप्रिल

झाडावर एकवीस पानं उरली होती. मी आधी मोजतो. पुढे सुधारतंय की बिघडतंय ते आकड्यावरून कळतं, आशेवरून नाही.

पहिलं काम नखाचं. बुंध्याची साल नखाने किंचित खरवडली. आत पोपटी रंग, आणि दोन सेकंदांत पांढरा चीक टिपकला. बुंधा जिवंत. उजव्या फांद्यांवर तसंच. डावीकडच्या दोन फांद्यांवर साल खरवडली तर आत खाकी, कोरडी, चीक नाही. टोकापासून खाली येत जोडापर्यंत चार ठिकाणी पाहिलं. दोन्ही गेल्या होत्या.

मग काडी. कबाबला लावतात तसली बांबूची काडी मी कायम खिशात ठेवतो. गोट्यांचा थर उलथण्याने उचकटला आणि बुंध्याच्या जवळ काडी खुपसली. दोन सेंटिमीटर लोण्यात सुरी जावी तशी गेली आणि मग थांबली. जोर लावला तर काडी वाकली, पण आत जाईना. कुंडीच्या कडेला खुपसली तर थेट तळापर्यंत गेली आणि काळीभोर, चिकट आणि गटारासारख्या वासाची होऊन बाहेर आली.

एकाच सहा सेंटिमीटरच्या कुंडीत हे दोन्ही. वर ओलं, कडेला ओलं, तळाला चिखल आणि मधोमध दगड.

झाड कुंडीतून काढल्यावर उलगडा झाला. मुळांभोवती लाल चिकट मातीचा, मुठीएवढा, घट्ट दाबलेला गोळा होता. झाड लहानपणी ज्या पिशवीत वाढलं तिच्यातला. नर्सरीत त्याला तसंच्या तसं उचलून निळ्या कुंडीत बसवलं आणि भोवतीची पोकळी कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने, भरली. असा गोळा एकदा पूर्ण वाळला की पाणी आत घेत नाही. वरून घातलेलं पाणी त्याच्या अंगावरून निथळून कोकोपीटमधून खाली जातं आणि तळाशी साचतं. तळाला भोक एकच, त्यावर थर्मोकोलचा तुकडा, आणि खाली शोभेची ताटली. मी तो गोळा बादलीत बुडवला. बराच वेळ बुडबुडे येत राहिले. वीस मिनिटांनी बाहेर काढून मधोमध फोडला तर आतली माती अजून पिठासारखी उडाली.

म्हणजे झाड तहानेनं मरत होतं आणि बुडतही होतं. मधली मुळं कोरडी पडली होती, गोळ्यातून बाहेर आलेली तळाशी कुजत होती. आणि मी पाणी बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा मधल्या मुळांना जो काही ओलावा मिळत होता तोही तोडला. डाव्या फांद्यांचा जीव तिथे गेला.

मग वरची माती सुकत का नव्हती? हे कोडं वहिनींच्या सासूबाईंनी सोडवलं, तेही नकळत. आम्ही गॅलरीत पसारा मांडून बसलो होतो, तेवढ्यात त्या तुळशीला पाणी घालायला आल्या. तांब्यात उरलेलं घोटभर पाणी घेऊन सवयीने दिवाणखान्याकडे वळल्या आणि थबकल्या. "झाड कुठंय? मी रोज त्यालाही घालते की थोडं." आतून कामवाल्या ताईंनी आवाज दिला, "मी पण घालते, वहिनी गावाला गेल्या की." वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. घोट-घोट पाणी पडायचं, वरचे दोन सेंटिमीटर कायम ओले राहायचे आणि बोट कायम खोटं बोलायचं.

तेव्हापासून मी "पाणी किती घालता" असं विचारत नाही. "घरात कोण कोण घालतं" असं विचारतो.

स्पंज

तळाशी पाणी का साचलं, त्यावर वहिनींचा प्रश्न रास्त होता. "भोक तर आहे ना खाली?" मी त्यांच्या ओट्यावरचा भांडी घासायचा स्पंज घेतला, पाण्याने गच्च भरला आणि आडवा धरला. टपटप पडलं आणि थांबलं. "आता निथळला?" "हो." मग तोच स्पंज उभा केला. परत धार लागली.

कुंडीतही असंच होतं. भोक कितीही मोठं असलं तरी मातीच्या तळाशी काही उंचीचा थर पाणी सोडत नाही, बारीक फटींमध्ये ते धरून ठेवतो. ही उंची ठरते मातीच्या कणावर, कुंडीच्या खोलीवर नाही. बारीक मातीत ती तीन-चार सेंटिमीटर धरा. वीतभर खोल कुंडीत तेवढा तळ ओला राहिला तर बिघडत नाही, वर मुळांना श्वास घ्यायला जागा असते. सहा सेंटिमीटरच्या कुंडीत मात्र निम्मी किंवा त्याहून जास्त माती चिखलात राहते. बोन्सायची कुंडी उथळ असते म्हणून माती भरड लागते, एवढं साधं गणित आहे. जपानी लोक त्यासाठी आकादामा नावाची दाणेदार माती वापरतात. आपल्याकडे ती परवडत नाही, आणि परवडली तरी गरज नाही. फुटक्या विटा आहेत.

"गावाहून काळी माती आणू का? द्राक्षं पिकतात तिच्यात," असं वहिनी म्हणाल्या. मी स्वतः दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षाच्या घरातला, काळ्या मातीबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण ती माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. शेतात त्याचं काही नाही, उथळ कुंडीत मात्र महिन्याभरात तिचीच वीट होते.

एप्रिलमध्ये कुंडी बदलावी का

पुस्तकी उत्तर: नाही. नांदरुकाची मुळं छाटायची तर पहिल्या पावसानंतर, हवेत दमटपणा आला की. त्या दिवशी माझ्या गच्चीवरचा थर्मामीटर दुपारी चाळीसवर होता, आणि हवा अशी कोरडी की सकाळी वाळत घातलेलं धोतर तासाभरात कडक. आमचे वडील म्हणतील, एप्रिलच्या उन्हातच तर आम्ही खरड छाटणी करतो, वेल बोडकी करतो आणि ती फुटते. खरं आहे, पण तिथे वेलीची मुळं जमिनीत शाबूत असतात. इथे मुळंच आजारी.

थांबलो असतो तर जूनपर्यंत दोन महिने, कुजणाऱ्या तळासकट. मी बदलायचं ठरवलं. सुदृढ झाड असतं तर हात लावला नसता.

काडीने लाल माती टोकरत टोकरत काढायला दीड तास गेला. पाण्याच्या जोराच्या धारेने लवकर निघते, पण बारीक मुळंही सोबत जातात. कुजलेलं मूळ ओळखायला सोपं: चिमटीत धरून ओढलं की भाजलेल्या वांग्याची साल सुटावी तशी बाहेरची त्वचा हातात येते, आत नुसता दोरा राहतो. निरोगी मूळ टणक असतं आणि कापल्यावर चीक येतो. घरून आणलेल्या द्राक्षाच्या कात्रीने सगळी कुजकी मुळं काढली. अंदाजे तिसरा हिस्सा गेला. वरून मात्र फक्त त्या दोन मेलेल्या फांद्या कापल्या. मुळं छाटली तेवढं वरूनही छाटावं असं पुष्कळ जण सांगतात. पण ती एकवीस पानंच नव्या मुळांचं अन्न शिजवणार होती, त्यांना का हात लावायचा?

निळी कुंडी बाजूला ठेवली. त्याऐवजी साधी मातीची, वीतभर खोल कुंडी घेतली, कारण तिथे स्पंज उभा राहतो. सोसायटीच्या मागे बांधकाम चालू होतं, तिथून फुटक्या विटा आणल्या, कुटल्या. गव्हाच्या चाळणीतून खाली पडलेला आणि पिठाच्या चाळणीत वर राहिलेला तेवढाच चुरा घेतला, धूळ फेकली. (दोन्ही चाळण्या माझ्या घरच्या. त्या आता परत स्वयंपाकघरात जाणार नाहीत, हे मला त्याच रात्री कळवण्यात आलं.) तीन भाग विटेचा चुरा, एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. शेणखत नाही, रासायनिक तर नाहीच. जखमी मुळांना असलं जड खत म्हणजे ताप आलेल्याला पुरणपोळी.

भोकावर प्लास्टिकची जाळी, तिच्यातून ओवलेली तार, आणि त्या तारेने बुंधा कुंडीला पक्का बांधला. ही पायरी नवखे हमखास गाळतात. नवी मुळं केसाएवढी असतात. कोणी केर काढताना झाडाला धक्का दिला, ते हललं, की ती तुटतात. मग भरपूर पाणी, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. शेवटी ड्रायक्लीनरकडून येते तसली पारदर्शक पिशवी वरून सैल घातली, तिला चार भोकं पाडली, म्हणजे आत दमटपणा राहील. पिशवी घातलेलं झाड उन्हात ठेवलं तर वाफेवर शिजतं, हे तीनदा बजावलं.

आता ठेवायचं कुठे? वहिनींचा जीव टीव्हीशेजारच्या कप्प्यात. तिथे सासूबाई मदतीला आल्या. त्यांचं पहिल्या दिवसापासूनच म्हणणं होतं की झाडाला असं खुजं करून घरात ठेवलं की घराची बरकत खुंटते, उंबऱ्याच्या आत नको. मला वास्तुशास्त्रातलं काही कळत नाही. पण त्यांचं हे म्हणणं झाडाच्या पथ्यावर पडलं. झाड उत्तरेकडच्या गॅलरीत गेलं, जिथे ऊन थेट येत नाही पण आभाळ दिसतं. कुठल्याही बोन्सायची जागा घराबाहेरच. 'इनडोअर बोन्साय' नावाची झाडाची जात नसते.

पाण्याचा नियम एकच केला. कुंडीत एक काडी कायम खोचलेली. सकाळी ती उपसून गालाला लावायची. खालचं टोक गार लागलं तर पाणी नाही. कोमट, कोरडं लागलं तर भरपूर, खालून वाहेपर्यंत. घोट-घोट कोणीही घालायचं नाही. सासूबाईंसाठी तुळशीपाशी एक जास्वंदाची कुंडी आणून ठेवली, तांब्यातलं उरलेलं पाणी तिला.

पहिल्या आठवड्यात आणखी सहा पानं गळली. वहिनींचे रोज फोन. मी रोज एकच विचारायचो, काडी काय म्हणते?

अक्षय्य तृतीयेला, १० मे रोजी, छाटल्यापासून सव्विसाव्या दिवशी, त्यांनी फोटो पाठवला. उजव्या फांदीच्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका. आठवड्याने त्याचं टोकदार, लालसर टोपण गळून पडलं आणि आतून गुंडाळलेलं पान निघालं. महिनाअखेर बुंध्यावर, अगदी जुन्या सालीतून, असे अकरा डोळे मोजले. डाव्या बाजूला एकही नाही.

तार

पावसाळ्यात झाड सुसाट सुटलं. पिशवी काढून टाकली, जुलैत शेंगदाण्याएवढ्या गोळ्या करून निंबोळी पेंड सुरू केली. सहा-आठ पानांची फांदी झाली की दोन पानांवर खुडायची, हे वहिनींना लगेच जमलं. द्राक्षाचा शेंडा मारतात तेच. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, शेंडा गेला की ते मोकळे होतात. त्या ओल्या हवेत बुंध्यातून मिशीच्या केसांसारख्या पारंब्यासुद्धा फुटल्या. पंचवटीतले वड लहानपणापासून बघणाऱ्या वहिनींना त्याचं केवढं कौतुक.

त्याच कौतुकात त्यांनी मला न विचारता दोन फांद्यांना वळण द्यायला ॲल्युमिनियमची तार गुंडाळली. गुंडाळली चांगली होती, तिरपी, एकसारख्या अंतराने. पण त्यांनी पाहिलेल्या व्हिडिओत 'सहा महिने ठेवा' म्हटलं होतं. ते झाड कुठल्या देशातलं, कुठल्या ऋतूतलं कोण जाणे. आपल्या पावसाळ्यात नांदरुकाची फांदी पाच-सहा आठवड्यांत एवढी जाड होते की तार सालीत रुतते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास मी पाहिली तेव्हा रुतलीच होती. उलटी उलगडली असती तर साल सोलली गेली असती, म्हणून कटरने वेढ्या-वेढ्याला तोडून तुकडे काढले. वळ राहिलेत. नांदरुकाचे वळ बुजायला वर्षं लागतात.

थंडी, आणि आता

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तेव्हा वाढ जवळजवळ थांबली. उन्हाळ्यात रोज लागणारं पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवसावर आलं. काडीच तसं सांगत होती, मला काही सांगावं लागलं नाही. रात्री कुंडी भिंतीलगत सरकवायची, एवढंच.

आज मार्च २०२५. झाडावरची पानं मी मोजायची सोडून दिली आहेत. उंची २९ सेंटिमीटर, कारण वरचा वाळलेला शेंडा काढावा लागला. डावी बाजू रिकामी आहे. तिथे डोळा फुटेल म्हणून वर्षभर वाट पाहिली. कलम करून बघता येईल, नांदरुकावर फांदी कलम होते. पण वहिनींनी परवा कुंडी फिरवून ठेवली आणि जुनी मागची बाजू पुढे घेतली. तिथून ती पोकळी दिसतच नाही, वाऱ्याने एका अंगाला कललेल्या झाडासारखं दिसतं. मला हे सुचलं नव्हतं.

निळी कुंडी सासूबाईंनी नेली. तिच्यात सध्या अगरबत्तीच्या काड्या असतात, आणि नांदरुकाच्या कुंडीतली काडी झिजली की वहिनी त्यातलीच एक जळकी काडी धुऊन घेतात.